मिलेनाला वगळा

मासळीबाजाराच्या पायरीवर एक भलामोठा समुद्रसिंह आडवा पसरला होता, आणि एक माणूस त्याला चक्क विनवण्या करत होता.

"साहेब, जरा सरकता का? दहा वाजता माझी भेट आहे हो..."

नदीकाठच्या वाल्दिविया शहरात हे प्राणी रोजचेच. नदीतून वर येतात, कोळिणींनी फेकलेली माशांची मुंडकी खातात आणि वाट अडवून घोरतात. त्यांना 'साहेब' म्हणणारा मात्र रायेननं पहिल्यांदाच पाहिला. तिनं शिंपल्यांची पिशवी खाली ठेवली, पाय आपटला आणि अशी काही शिवी हासडली की साहेब मुकाट्यानं नदीत उतरले. शेजारची कोळीण फिदीफिदी हसली.

"बाप रे, काय आवाज आहे तुमचा—" तो माणूस म्हणाला.

"घाबरलात?"

"नाही. हेवा वाटला."

पिवळा रेनकोट, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली ओल्या शेवाळाची बादली. पापणीवर पावसाचा एक थेंब लटकत होता, पण हात मोकळा नसल्यामुळे त्याला तो पुसता येत नव्हता. आपणच पुसावा की काय, असं रायेनच्या मनात आलं... आणि तिला स्वतःचाच राग आला. बत्तीस वर्षांची बाई तू, असं तिनं स्वतःला बजावलं आणि पिशवी उचलून चालू लागली.

दहा वाजता तोच माणूस, तीच बादली घेऊन तिच्या कार्यालयाच्या दारात उभा!

"आमारो ओयार्सून," तो ओशाळून म्हणाला. "निधीच्या प्रस्तावासाठी..."

नव्यानं लागलेल्या प्राध्यापकांना संशोधनाच्या निधीसाठी प्रस्ताव लिहायला मदत करणं, हे विद्यापीठानं रायेनला दिलेलं काम. खरं काम निराळंच होतं. दूर राजधानीत, सान्तियागोत बसलेला परीक्षक दोन घोट कॉफीत माणसाची पुढची तीन वर्षं उडवून लावतो. त्या परीक्षकाच्या गळी उतरेल अशा बेतानं दुसऱ्याचं स्वप्न कापायचं, शिवायचं. कायम नोकरीवाले म्हातारे वीस वर्षं तीच टिपणं वाचून दाखवतात, त्यांना कुणी हात लावत नाही. नव्यांना एकच बोली: निधी आणा, नाहीतर डिसेंबरात कंत्राट संपलं, चालते व्हा. आमारोचंही तेच होतं.

तिनं त्याची पानं चाळली.

"पहिलंच वाक्य शेवाळावर?"

"मी शेवाळाचाच अभ्यास करतो."

"परीक्षकाला शेवाळाचं काय पडलंय? त्याला तहान दाखवा. उन्हाळ्यात चिलोए बेटावरच्या विहिरी आटतात, पाण्याचा टँकर येतो. ते कुठाय?"

"सातव्या पानावर."

"सातव्या पानापर्यंत कुणी जागं राहत नाही!"

तो हसला. मग हळूहळू बोलू लागला. चिलोएच्या दलदलीतलं ते शेवाळ स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. व्यापारी ते ओरबाडून नेतात, वाळवून परदेशातल्या फुलांच्या कुंड्यांसाठी विकतात. त्याच्या आईची विहीर अशीच गेली होती. सांगताना तो बादलीतलं शेवाळ मुठीत घेऊन दाबत होता, आणि पाणी रायेनच्या टेबलावरून खाली ठिबकत होतं. दुसऱ्या कुणाला तिनं हाकललं असतं.

"तुम्ही सगळ्यांना असंच फाडता?" निघताना त्यानं विचारलं.

"नाही. ज्यांच्यात काही दम नसतो त्यांना 'छान आहे' म्हणून घरी पाठवते."

"मग मला फाडाच... पुन्हा येऊ?"

तो पुन्हा येऊ लागला. एकदा गरम सोपाइपिया घेऊन आला. भोपळ्याच्या त्या तळलेल्या पुऱ्यांचं तेल थेट 'संशोधनाची उद्दिष्टं' या मथळ्यावर सांडलं. दुसऱ्या दिवशी एका वाक्यावरून दोघं इतके भांडले की 'तुम्ही' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, कळलंच नाही.

"हे वाक्य मेलंय, आमारो."

"पोटचं पोर आहे ते माझं!"

"मग पुरून ये. मी इथं रडत बसते तोवर."

असं गोडीत चाललं होतं, आणि मग मिलेना उगवली.

आधी ती नुसत्या बोलण्यात आली. मिलेना म्हणते, जमिनीखालचं पाणी असं मोजायचं. मिलेना म्हणते, तेवढं खोल खणून भागणार नाही. मिलेना असं, मिलेना तसं. रायेननं एकदा तोंडावर विचारलं, "ही मिलेना श्वास घे म्हणते तेव्हाच घेतोस की मधूनमधून आपल्या मनानंही?" तो मोकळेपणानं हसला. त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती, याचाच तिला जास्त संताप आला.

मग ती डोळ्यांनी दिसली. संध्याकाळी कामावरून परतताना रायेन केकच्या दुकानासमोरून चालली होती. काचेवर आतून वाफ धरली होती. त्या वाफेपलीकडे आमारो चहा घेत बसला होता, आणि समोर गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, उन्हावाऱ्यानं रापलेली, देखणी बाई. त्याच्या कानामागं चिखल लागला होता. तिनं बोलता बोलता, न पाहता, अंगठ्यानं तो पुसला. न पाहता! म्हणजे हे तिच्या हाताच्या सवयीचं होतं.

रायेन पावसात उभी राहिली. शहाण्यासुरत्या बायका सांगतात, आपला स्वतःवर विश्वास असला की मत्सर होत नाही. थोतांड आहे सगळं. विश्वास असतोच, आणि मत्सरही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमारोचा मसुदा उघडला. मिलेना बुस्तामान्ते, सहसंशोधक, दलदलीखालच्या पाण्याचं मोजमाप. त्या नावाशेजारी तिनं शेरा टाकला: 'या सहसंशोधकाची आवश्यकता पुरेशी स्पष्ट होत नाही. मिलेना बुस्तामान्ते यांना वगळा. त्यामुळे मुख्य संशोधकाचे स्वतंत्र नेतृत्व ठळक होईल.'

वाचायला कसं नीटनेटकं! मत्सराला इतके स्वच्छ कपडे फक्त कार्यालयातच मिळतात.

आमारोनं शेरा दोनदा वाचला. "तिच्याशिवाय... जमेल?"

"नवख्यांचा निधी आहे हा. परीक्षकांना वाटतं, हा दुसऱ्याच्या कुबड्या घेऊन उभा आहे."

"तू म्हणतेस तर..." तो म्हणाला, आणि त्यानं नाव काढलं. तिच्यावर त्याचा विश्वास होता. त्या विश्वासाचंच हत्यार करून तिनं ते त्याच्यावर चालवलं होतं. घरी जाताना तिला वाटलं होतं आनंद होईल. झाला, पण शिळा भात खाल्ल्यासारखा झाला.

पुढच्या आठवड्यात सराव बैठक होती. प्रस्ताव पाठवण्याआधी विद्यापीठातलेच चार जण परीक्षक बनून तो फाडतात, अशी तिथली रीत. अध्यक्ष होत्या एदेल्मिराबाई. निवृत्त झालेल्या, वनस्पतीशास्त्रातल्या, हातात काठी, जिभेला हाड नाही. अर्जदाराशी ज्याचं काही नातं असेल त्यानं ते उघड सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं, हा नियम त्यांनी सुरुवातीलाच वाचून दाखवला. कुणी उठलं नाही, टेबलाशी बसलेली रायेनही नाही. खोलीतल्या शेगडीत लाकडं तडतडत होती.

"पोरा," एदेल्मिराबाईंनी पानं टेबलावर आपटली, "शेवाळ छान. तहान छान. विहीर वाचून माझ्यासारख्या दगडालाही वाईट वाटलं. पण जमिनीखालचं पाणी मोजणार कोण? तू?"

"मी... शिकेन, बाई."

"तीन वर्षांत शिकशील की तीन वर्षांत करशील? अरे, याला एक माणूस लागतं, जन्मभर हेच केलेलं. असं कुणी भेटलं नाही तुला?"

"एक होती."

"मग कुठं गेली? वाहून गेली?"

आमारोनं टेबलाकडे पाहिलं. रायेनकडे पाहिलं नाही. "मीच काढलं नाव. माझा निर्णय."

"मग तू गाढव आहेस. हा प्रस्ताव सान्तियागोत पहिल्याच चाळणीत पडणार. लिहून देते."

रायेनला कळलं. तो तिला वाचवत होता. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तो डिसेंबरात सामान बांधून आईकडे गेला असता, आणि मिलेनाही सुटली असती त्याच्या हातातून. काय सोयीचं होतं सगळं!

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "नाव मी काढायला लावलं. आणि कारण दिलं तेही खोटं होतं."

"मग खरं काय?"

रायेन उठली. खुर्ची कर्रकन वाजली. "मी बाहेर जाते, बाई. मघाशीच जायला हवं होतं."

"थांब. बाहेर जायला नातं लागतं. तुझं काय नातं आहे याच्याशी?"

"काहीच नाही, बाई..." रायेन दाराची मूठ धरून म्हणाली. "तेच तर दुखणं आहे."

दार ओढून घेताना तिनं पाहिलं, आमारो अर्धवट उठलेला, तोंड उघडं. आणि आतून एदेल्मिराबाईंचा आवाज: "बस खाली! आधी पाण्याचं उत्तर दे, मग काय ते दुखणं बघ!"

तो बाहेर आला तेव्हा रायेन खिडकीशी उभी होती. तिला वाटलं होतं, येईल आणि हात धरेल. तो लालबुंद झाला होता.

"माझी नोकरी होती ती, रायेन! आईची विहीर होती! तू मला सांगायचं तरी. 'मला ती आवडत नाही,' एवढंच सांगायचं!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"हसलो असतो... आनंदानं, मूर्ख बाई!" तो ओरडला, आणि स्वतःच दचकला. मग खांदे पाडून म्हणाला, "आता मिलेना फोन उचलत नाही. मीच तिला 'तुझी गरज नाही' म्हणून कळवलं होतं. आणि परवा पाच वाजता मुदत संपते."

रायेन पुढचीच बस पकडून निएब्लाला गेली. समुद्राकाठच्या त्या गावात मिलेना अंगणात, पत्र्याखाली, कुऱ्हाडीनं सरपण फोडत होती. कुऱ्हाड हातात असलेल्या बाईची माफी मागणं सोपं नसतं.

"तुमचं नाव मी काढायला लावलं. तुमच्या कामात काही उणं नव्हतं. मला तुमचा मत्सर वाटला."

मिलेनानं ओंडका उभा केला आणि दोन तुकडे केले. "असं होय. आणि आता मी धावत यावं, असं?"

"हो."

"बरीच निर्लज्ज आहेस."

"आहे."

मिलेनाला हसू आलं, ते तिनं दाबलं. "एक ऐक. तुझा संशय खोटा नव्हता. आवडतो मला तो. सांगितलंही त्याला, दलदलीत, कमरेइतक्या चिखलात उभी राहून. तर हा बाबा म्हणतो, कार्यालयात एक बाई आहे, तिनं माझी वाक्यं कापली नाहीत तर आठवडा गेल्यासारखा वाटत नाही!" तिनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "अशानं माणसानं रडावं की हसावं?"

रायेनला आनंदानं रडू आलं असतं, पण समोरच्या बाईचे डोळेही कोरडे नव्हते.

"मी नाव परत दिलं," मिलेना म्हणाली, "तर तीन वर्षं तो माझ्याबरोबर असणार. एक तंबू, एक चूल. तू इथं कागदांत. चालेल तुला?"

"नाही चालणार," रायेन म्हणाली. "मुळीच नाही चालणार. पण द्या."

मिलेनानं फोडलेलं सरपण कवेत उचललं. "आत ये. भिजतेयस. त्या शेवाळासाठी देतेय हो, तुमच्या लग्नासाठी नाही."

मुदतीच्या दिवशी प्रस्ताव गेला. रायेननं तो शेवटी वाचला नाही, एदेल्मिराबाईंनी ती फाइल तिच्या हातातून काढून घेतली होती आणि वर तिला कार्यालयप्रमुखापुढं उभंही केलं होतं. तिथली बोलणी तिनं निमूट ऐकून घेतली. पाच वाजून गेल्यावर ती नदीवरच्या पुलावर आली, तर आमारो कठड्याला टेकून पावसात उभा.

"गेला," तो म्हणाला. "मी अजून चिडलेला आहे."

"राहा."

"खूप चिडलोय." असं म्हणत तो इतका जवळ आला की त्याच्या रेनकोटावरचं पाणी तिच्या मानेवर ओघळलं. "निकाल नोव्हेंबरात. नापास झालो तर चिलोएला जावं लागेल. आईकडे बटाटे लावायला."

"मला बटाटे लावता येतात."

"...आणि मिळाला तर? महिन्यातला निम्मा वेळ मी दलदलीत. तिच्याबरोबर."

रायेननं त्याच्या रेनकोटाची कॉलर दोन्ही मुठींत धरली.

"जळेन मी," ती म्हणाली. "रोज जळेन. शहाणी होईन असं वचन मागू नकोस, ते मला जमणार नाही. पण यापुढं जळले की तुझ्या तोंडावर सांगेन. तुझ्या कागदांवर नाही."

"आत्ता जळतेयस?"

"हो."

"कशावरून?"

"अर्ध्या मिनिटात तू तिचं नाव काढलंस."

"एकदाही नाही काढलं!"

"'तिच्याबरोबर' म्हणालास. मी मोजते ते—"

पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण त्याचे ओठ थंडगार होते, आणि त्यांना पावसाची चव होती.