हातांपुरतं बसणं

दुपार टळत आली होती. ताईच्या चित्रातले हात तेवढे रंगवायचे राहिले होते, म्हणून चित्रकार बाईंनी धाकट्याला बोलावलं होतं. ताई तापाने गेली. पण भावाचे हात हुबेहूब तिच्यासारखे, काळेसावळे, लांब बोटांचे.

तो धावतच आला. शेवटच्या दिवसांत ताई बाईंबद्दल त्याला म्हणाली होती, "आमचं दोघींचं लग्न थोडंच लागणार होतं? पण या चित्रात सगळं आहे रे. उंच खुर्चीत मी, पायाशी ती. तू बघशील ना?"

बाईंनी ताईच्या बांगड्या त्याच्या हातांत चढवल्या.

"गुडघ्यांवर बस. हात पुढे, भांडं धरल्यासारखे."

"गुडघ्यांवर? ताई तर खुर्चीत ना?"

"बोलू नकोस. हात हलतात."

खोलीत तेलाचा उग्र वास कोंदला होता. आरशातल्या उलट्या चित्रात चूक चटकन दिसते, म्हणून बाईंनी आपल्या पाठीमागे मोठा आरसा लावलेला. अधूनमधून वळून त्या त्यात पाहत. धाकट्यानेही पाहिलं. चित्रात खुर्चीत गोऱ्यापान बाई स्वतः. पायाशी, मान खाली घालून, ताई.

त्याचं डोकंच फिरलं. "तिला शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता." बाईंचा आवाज खाली आला. "पण ज्यांच्या भिंतीवर हे लागणार, त्यांना काळी बाई खुर्चीत चालत नाही रे. दोघींचं तसलं नातं तर नाहीच नाही. मोलकरीण दाखवली, की सगळं खपतं."

"तुमच्यापायी घर सोडलं तिने! ताई, ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

ब्रशची खसखस थांबली. तेलाच्या वासात तापाने फणफणलेल्या अंगाचा वास मिसळला.

"तू... हललास?" बाई कुजबुजल्या.

"नाही."

"मग ही... कोण उठतंय..."

ब्रश टाकून त्या दाराबाहेर पळाल्या. आता सगळा आरसा मोकळा झाला. खुर्चीत ताई बसली होती, ताठ मानेने. धाकट्याला रडू फुटलं. "शाब्बास, ताई!"

मग त्याने तिच्या पायाशी पाहिलं. तिथे बाई नव्हत्या. त्याचा शर्ट होता, त्याची वाकलेली मान होती. हात पुरे झाले होते.

तो उठायला गेला. गुडघे हलेनात.

"ताई... मी आहे गं. तुझा धाकटा..."

ताईने ओळखीचं हसून पाहिलं आणि तोंड फिरवलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी त्याच्या खांद्यावर अलगद एक पाय टेकला. उबदार होता. हळूहळू त्याचा भार वाढू लागला...