फितीच्या घडीत

लोदोस सुटला की इस्तंबूलमध्ये निम्म्या गावाचं डोकं दुखतं आणि उरलेल्या निम्म्याचं फिरतं. बेरिन दुसऱ्या निम्म्यातली. तो ओला, कोमट वारा सकाळपासून उस्कुदारच्या गल्ल्यांत शिट्ट्या मारत होता. सामुद्रधुनीपलीकडे जाणाऱ्या बोटी बंद होत्या. आणि आपल्या फितींच्या दुकानात बसलेली बेरिन हातातल्या पत्रकाकडे बघून धुमसत होती.

प्रजासत्ताकाला त्या ऑक्टोबरात पंच्याहत्तर वर्षं होणार होती. जुनी पदकं जमवणाऱ्या मंडळींनी त्यासाठी प्रदर्शन भरवलं होतं आणि पत्रकात स्वातंत्र्ययुद्धाचं पदक मिळालेल्या उस्कुदारकरांची यादी छापली होती. पदक सगळ्यांचं एकच, फरक फितीचा. आघाडीवर लढला त्याला लाल, मागे राहून मदत केली त्याला पांढरी. बाराव्या ओळीत लिहिलं होतं : ‘बेकिर चावुश, नावाडी. पांढरी फीत.’

बेकिर चावुश हा बेरिनचा पणजोबा. त्याचं पदक घरात होतं आणि त्याची फीत लाल होती. बेरिननं लहानपणापासून ती लालच पाहिली होती.

पत्रक निघालं त्याच दिवशी कॉफीच्या दुकानात कुणीतरी तिच्या देदेंना, म्हणजे आजोबांना, म्हणालं होतं, “काय हायरेत्तिन, तुमचे वडील लढाईत पाव वाटायला होते म्हणे?” सगळे हसले होते. देदे उठून घरी आले ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. एकोणतीस तारखेला, प्रजासत्ताकदिनी, पदक लावून मिरवणुकीत चालायचं म्हणून त्यांनी कोट इस्त्री करून ठेवला होता. तो त्यांनी बेरिनला परत कपाटात ठेवायला लावला. एवढंच म्हणाले, “लढाईबद्दल वडील कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. जाऊ दे.”

जाऊ देणं बेरिनच्या रक्तात नव्हतं.

दार धाडकन उघडलं. वाऱ्यानं उघडलं असं वाटलं, पण वाऱ्याबरोबर एक माणूसही आत आला होता. उंच, केस विस्कटलेले, चष्म्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब.

“काम सोपं जावो,” तो म्हणाला. “लाल रेशमी फीत आहे का? उजेडात धरली की लाटा दिसतात, तसली. आणि… जरा जुनी दिसणारी?”

“आहे ती नवी आहे. जुनी व्हायला तीस वर्षं थांबावं लागेल.”

“थांबतो की. बोटी नाहीतरी बंदच आहेत.”

बेरिनला हसू येता येता राहिलं. रागाच्या दिवशी हसायचं नाही, हा तिचा नियम होता. तिनं रीळ काढलं, एक वीत मोजली, कात्री उचलली. तो तिच्या बोटांकडे बघत होता. बघू दे, तिला वाटलं. मग असं का वाटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

“पावतीवर नाव काय घालू?”

“ओरहुन साराच.”

कात्री थांबली. बेरिननं पत्रक उलटून तळाची ओळ वाचली. संशोधन : ओरहुन साराच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुम्हाला फीत मिळणार नाही.”

“का?”

“लाल घेऊन काय करणार? तुम्हाला तर पांढरी दिसते. बारावं नाव वाचा, ओरहुन बे. तो माझा पणजोबा.”

माणसाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा होतो म्हणतात, तसा त्याचा झाला. पण पळाला नाही. पिशवीतून एक जुना फोटो काढून त्यानं गल्ल्यावर ठेवला. आठ-दहा मिशाळ माणसं धक्क्यावर उभी, प्रत्येकाच्या छातीवर पदक.

“हा सदतीस सालचा,” तो हळू म्हणाला. “त्या काळच्या फोटोत लाल रंग काळा यायचा. बघा, सगळ्यांच्या फिती काळ्याकुट्ट. आणि हे तुमचे पणजोबा. यांची पांढरीफेक. सरकारी यादीत यांच्या नावापुढे रंगाचा रकाना कोरा आहे… म्हणून मी फोटोवरून लिहिलं. फोटो खोटं बोलत नाही, बेरिन हानिम.”

“म्हणजे माझे देदे बोलतात?”

“तसं मी म्हणालो नाही.”

“तुम्ही त्यांना काही म्हणालातच नाही. इथून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. एका शब्दानं विचारलंत?”

बेरिननं कापलेली फीत ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर आपटला.

“नाव कसं कळलं तुम्हाला माझं?” तिनं एकदम विचारलं.

“दारावर पाटी आहे… ‘बेरिन फिती आणि बटणं’.”

“मग वाचता येतं म्हणायचं. बाहेरही वाचता येईल. दुकान बंद आहे.”

दुपारचे बारा वाजले होते आणि दुकान बंद नव्हतं, पण तो गेला.

दुसऱ्या दिवशी आला. चार बटणं हवी होती. तिसऱ्या दिवशी काळा दोरा. ज्याच्या कोटाची दोन बटणं महिनाभर लोंबत असावीत असा हा माणूस बटणं नेऊन करतो काय, हे देव जाणे. येऊन उभा राहायचा आणि भांडण खायचा.

“तुमच्या घरी जेवायला मिळत नाही का, रोज माझा राग खायला येता?”

“जेवायला मिळतं. पण मीठ कमी असतं.”

“जिभेला हाड नाही तुमच्या.”

“तुमच्याशी बोलताना सापडत नाही.”

एकदा तिनं त्याला चहा दिला, तोही मुद्दाम जळजळीत गरम, तर त्यानं बोटं पोळत तो पूर्ण प्यायला. त्यानं सांगितलं की त्याला पदकांचं वेड लागलं ते भंगारवाल्याकडे. लोक आजोबांची पदकं पितळेच्या भावात टाकून देतात, नाव-गाव सगळं पुसलं जातं, म्हणून तो ती गोळा करून माणसं शोधत बसतो. हे सांगताना त्याचाही आवाज चढला. बेरिनला ते आवडलं. म्हणजे राग कसा असतो ते या माणसाला कळतं तर. सातव्या दिवशी तो आला नाही, तेव्हा तिनं तीन गिऱ्हाइकांना विनाकारण झापलं.

आठव्या दिवशी तो आला, तेव्हा गल्ल्यावर पदकाची मखमली डबी उघडी होती.

“बसा,” ती म्हणाली. “आज तुमच्यासमोर उसवते. आमच्या घरी फीत विरली की जुनी काढत नाहीत, नवी तिच्यावरच शिवतात. बापाच्या अंगाला लागलेलं कापड काढायचं नाही, असं देदेंचं म्हणणं. सगळ्यात वरची मी शिवलेली. तिच्याखाली आजीची. आणि तळाशी असेल ती त्याची स्वतःची. लाल निघाली की इथंच बसून माफी लिहायची.”

“आणि पांढरी निघाली तर?”

“नाही निघणार.”

त्यानं दिवा जवळ ओढला आणि भिंग धरलं. डोकी जवळ आली. त्याच्या कोटाला साबणाचा आणि बोटीच्या धुराचा वास होता. बेरिनची सुई एकदा चुकून बोटात गेली. त्यानं खिशातला रुमाल पुढे केला.

पहिली फीत निघाली. लाल. दुसरी निघाली, आजीच्या मुंगीएवढ्या टाक्यांची. लाल.

तिसरी पांढरी होती.

बेरिन बघत राहिली. बाहेर तिळाचे गोल पाव विकणारा सिमितवाला ओरडत गेला. तिला आजीचे ते टाके दिसत होते. इतके बारीक, इतके घट्ट… काही झाकायला घातल्यासारखे. म्हणजे घरात माहीत होतं? म्हणजे देदे पन्नास वर्षं दुसऱ्याचा रंग छातीवर लावून फिरले?

“म्हणा ना,” ती म्हणाली. आवाज फाटला. “जिंकलात. म्हणा आणि जा.”

“मला जिंकायचं नव्हतं.”

“मग काय हवं होतं?”

“लाल निघायला हवी होती.” त्यानं भिंग खाली ठेवलं. “मी चुकलो असतो तर… तू माझ्याशी बोलत राहिली असतीस.”

‘हानिम’ म्हणणं, अहो-जाहो, दोन्ही गळून पडलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं. बेरिनला रडू फुटलं आणि रडू फुटलं म्हणून आणखी संताप आला. तिनं ती मेली फीत मुठीत चुरगाळली.

आणि थांबली.

दहा वर्षं रेशीम विकलेल्या बोटांना काहीतरी खटकलं होतं. मुळातच पांढरं विणलेलं रेशीम मऊ असतं. हे खरखरीत लागत होतं, कडक उन्हात वर्षानुवर्षं राहिलेल्या पडद्यासारखं. तिनं फीत उलटी केली. पदकाच्या कडीतून ओवून मागे दुमडलेली घडी अजून शिवलेलीच होती. वरच्या दोन फिती काढताना त्या घडीला हातही लागला नव्हता.

“दिवा धर,” ती म्हणाली. “नीट धर.”

शेवटचे टाके तिनं एकेक करून कापले. घडी उलगडली. आत, जिथं साठ-सत्तर वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथं बोटभर रुंदीचा पट्टा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता.

ओरहुननं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“पण इतका रंग उडाला कसा? लोक पदक वर्षातून एक दिवस लावतात.”

“तो रोज लावायचा.” बेरिन हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. “रोज! नाव वल्हवताना, पाण्यावरच्या उन्हात, उन्हाळा-हिवाळा. देदे नेहमी सांगतात. त्याच्या तुकडीतली बाकीची पोरं परत आली नाहीत. पेटीत ठेवलं तर त्यांना कोण बघणार, म्हणायचा. तुझ्या फोटोतल्या बाकीच्यांच्या फिती काळ्या दिसतात कारण त्या पेटीतून काढून आणल्या होत्या.”

“म्हणजे फोटो…”

“फोटो खोटं नाही बोलला. तू एकट्या फोटोला विचारलंस.”

रविवारी ओरहुन घरी आला. त्यानं कोटाची बटणं लावून घेतली होती. एका हातात दुरुस्त केलेलं पत्रक, दुसऱ्या हातात बकलाव्याचा डबा. देदे खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी पत्रक वाचलं, डबी उघडली, उलगडलेल्या घडीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग पत्रक बाजूला सारलं.

“मला तुझा राग रंगासाठी आला नव्हता,” ते म्हणाले. “पांढरी निघाली असती तर काय माझा बाप कमी झाला असता? पाव वाटणाऱ्यांनी वाटला नसता तर लढणारे काय खाणार होते? हसणाऱ्या त्या गाढवांनाही मी हेच सांगायला हवं होतं, पण मला तेव्हा शब्द सुचला नाही. आणि तू. माझ्या बापाबद्दल लिहिलंस आणि माझ्या दारात आला नाहीस. कागदाला विचारलंस, फोटोला विचारलंस. मी काय मेलो होतो?”

“नाही, देदे.”

“मग?”

“भीती वाटली.” ओरहुनची मान खाली होती. “माणसं रडतात. कागद रडत नाहीत.”

देदे स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, “बेरिन, कॉफी आण.”

स्वयंपाकघरात बेरिन चुलीपाशी उभी होती. आठवडाभर देदे कॉफीच्या दुकानात गेले नव्हते, ते सगळं तिला आठवत होतं. ‘मीठ कमी असतं’ हेही आठवत होतं. कॉफीला फेस आला तसा तिचा रागही वर आला. तिनं साखरेच्या डब्याकडे नेलेला हात मागे घेतला आणि मिठाचा डबा उघडला. एका कपात एक चमचा. मग, थोडं थांबून, दुसरा.

आमच्या इस्तंबूलात मिठाची कॉफी एकाच माणसाला देतात, मागणी घालायला आलेल्या मुलाला. मुलीला तो पसंत असो-नसो, ती मीठ घालते, आणि तो तोंड वाकडं न करता किती पितो ते घरातले बघतात. हे बेरिनला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तिनं तबक अशा बेतानं धरलं की तो कप ओरहुनच्या हाताशी यावा. आला. त्यानं तो उचलला आणि वडीलधाऱ्यांना आधी द्यावा म्हणून अदबीनं देदेंच्या हातात दिला.

“देदे, तो नको…” बेरिन म्हणेपर्यंत देदेंनी घोट घेतला होता.

ते थांबले. गिळलं. मिशी पुसली. नातीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान फितीच्या घडीइतके लाल झाले होते.

“अगं, आधी सांगायचं होतंस,” देदे म्हणाले. “मी चांगल्या कपड्यांत बसलो असतो.”

त्यांनी कप ओरहुनपुढे सरकवला. “हा तुझा आहे. एक घोट कमी झालाय, तेवढा माफ.”

ओरहुनला काही उमगलं नव्हतं. त्यानं कप तोंडाला लावला आणि उमगलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कप खाली ठेवला नाही. एकेक घोट घेत, बेरिनकडे बघत, तळाचा गाळ लागेपर्यंत प्यायला.

“हे… रागानं घातलंस?” त्यानं विचारलं.

“रागानं,” बेरिन म्हणाली. “अजून उरलाय. पुष्कळ.”

“मी पलीकडच्या काठावर राहतो. रोज येईन.”

“आणि लोदोस असला की?”

“मग परत जाता येणार नाही.”

बेरिननं त्याच्यावर डोळे वटारले, पण नीट जमलं नाही. तिनं रिकामा कप उचलला आणि त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, तसंच राहिलं, क्षणभर जास्तच.

देदेंनी घसा खाकरला. डबीतलं पदक त्यांनी तळहातावर घेतलं होतं. रंग उडालेली फीत आणि तिच्यामागची लाल पट्टी, दोन्ही दिसतील अशी त्यांनी ती उलगडून धरली होती.

“बेरिन, हे असंच शीव. काही झाकू नकोस.” मग ते खुर्चीचा आधार घेत उठले. “आणि कपाटातला माझा कोट काढ. एकोणतीस तारखेला लागेल. पण आजही घालतो. घरात मागणी आली आहे.”