बापाच्या नावावर माफी

"मृत्यूचा दाखला पायजे याले! बापाच्या वर्षश्राद्धाले आला, अन् सकाळी उठल्याबरोबर दाखला मांगते!"

राजकुमारचा आवाज ओसरीवरून थेट गल्लीपर्यंत गेला, आणि हरिओमने हातातली कपबशी तशीच खाली ठेवली. वरवट बकालच्या या घराने थोरल्या लेकाची वर्षभर वाट पाहिली होती, आणि आता धाकटा भाऊ त्याच्याकडे चोराकडे बघावं तसा बघत होता!... बिचाऱ्याची चूक एवढीच, की त्याने कारण न सांगता दाखला मागितला. आणि मेलेल्या बापाचा दाखला लेकाला कशाला लागतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तलाठ्याकडे न्यायचा, सातबाऱ्यावर नाव चढवायचं आणि वावराच्या मधोमध बांध घालायचा!

"हिस्सा पायजे तं तोंडानं सांग ना, दादा! अग्नी द्याले तू नव्हता. म्या देल्ला! आज पाटावर मीच बसीन. तू पाहुण्याईत बस."

पाहुण्यांत! बापाची, किसनरावांची चिता हरिओमने न्यू जर्सीत, ज्या दुकानात तो राबत होता त्याच्या गोदामात उभं राहून, मोबाइलवर पाहिली होती. मालकाने रजाच दिली नव्हती... आणि आज जन्मदात्याला पिंड देण्याचा हक्कही हातचा चालला होता! खरं कारण सांगितलं असतं तर क्षणात सगळं मिटलं असतं. पण ते ऐकून आई खचून जाईल, ही धास्ती. त्यापेक्षा लोभी ठरलेलं परवडलं, असं त्या वेड्याला वाटत होतं.

"राजू, वावर सारं तुह्यंच हाय. मी हक्कसोड लिहून देतो, म्हणशीन तवा सही घे. पण पिंड मले देऊ दे बे... तेवढं हिसकू नको!"

राजकुमार गडबडला. "मंग दाखला कायले पायजे?"

हरिओमने खाली ठेवलेली कपबशी पुन्हा उचलली. श्राद्धाची मांडणी करत बसलेले गुरुजी उगाच खोकले. तेवढ्यात दोघा भावांची आई, तानुबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सांग, हरिओम. तुले माही शप्पथ हाय."

शपथ! आता पळायला वाटच उरली नाही.

"आई, तिकडं दवाखान्याचा विमा नसन तं सरकार दंड लावते, टॅक्सासंगं भरा लागते. घरचं कोणी वारलं असन तं त्या काळापुरती माफी मांगता येते... त्याले दाखला जोडा लागते."

ही दोन हजार सतराची गोष्ट. अमेरिकेत तेव्हा तसा कायदाच होता.

"विमा नव्हता? तू तं म्हणे, सारं हाय तिकडं!"

"बाबाचं डायलिसिस सुरू झालं, तवा बंद केला. दोन्ही जमत नव्हतं, आई."

राजकुमारचा चेहरा पांढराफटक पडला. 'पैसे टायमावर धाडत जाय' असं दर वेळी फोनवर दरडावणारा तोच होता!

"अन् तू बिमार पडला असता तं, दादा?"

"नाही पडलो ना..." हरिओम ओशाळून हसला. खरं तर पडला होता. तापाने फणफणत दुकानात उभा राहिला होता. त्याने ते गिळलं, पण आईने चेहऱ्यावरून ओळखलंच.

"दाखला राहू दे, आई. दंड भरतो मी. बापाच्या मरणावर माफी मांगाची लाज वाटते मले."

तानुबाई आत गेल्या आणि कपाटातला दाखला आणून त्यांनी लेकाच्या मुठीत कोंबला.

"लाज काह्याची रे? अखेरीपर्यंत येकच म्हणे तुहा बाप... लेकरावर भार झालो, माह्याकून त्याले काही देणं झालं नाही! आता देऊन राह्यला तं घे ना, बा... बापाले नाही म्हणू नको!"

आणि त्या माउलीने पदरात तोंड लपवून हंबरडा फोडला. राजकुमारने बोटातली दर्भाची पवित्री काढली, भावाच्या बोटात घातली आणि त्याला पाटावर बसवलं.

"मले माफ कर, दादा..."

गुरुजींनी पळीभर पाणी हातावर घातलं आणि वडिलांचं नाव विचारलं. हरिओमचे ओठ हलले, पण कंठ फुटेना. शेवटी राजकुमारनेच त्याच्या पाठीवर हात ठेवून, रडत रडत, बापाचं नाव सांगितलं.