घरी येणारी दांडी

समोर बघत सरळ चालत गेलेला माणूस उजवीकडच्या चरात कसा पडेल?

तुम्ही म्हणाल, पडणारच नाही. मीही तेच म्हणत होते. पण त्या आठवड्यात मी तीनदा पडले आणि तिन्ही वेळा मी समोरच बघत होते, अगदी शपथेवर सांगते.

माझं नाव सगुणा धोत्रे. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे आश्चर्य वाटायला नको. आणि पडले म्हणजे मी स्वतः नव्हे, माझं चालयंत्र (दोन पायांवर चालणारं, आत माणूस बसून चालवतो असं दुमजली घराएवढं यंत्र). तेही खरं नाही, सदृश-खेळातलं (संगणकावरचा, पण खऱ्यासारखाच वागणारा खेळ). खेळाचं नाव पोलादी आखाडा. गोल मैदान, भोवती खोल चर, मैदानात दोन चालयंत्रं. समोरच्याला दहा टोले मारायचे, नाहीतर त्याला चरात घालायचं. मी दर वेळी स्वतःलाच घालत होते.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं आमच्या वर्गातही काही जण म्हणाले. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी वारणेला पूर आला तेव्हा आमच्या बोरखडीच्या शाळेच्या छपरावर आम्ही अकरा जण बसलो होतो. दुपारी पाण्यातून एक खरं चालयंत्र आलं. छातीपर्यंत पाणी, पण पाय रोवलेले. ते आमच्याकडे वळलं, हात पुढे केला आणि चालत चालत भलतीकडेच गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. आम्हाला वाटलं, आता हे आपल्याला सोडून चाललं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यानं छपराला हात टेकवला आणि आम्हा सगळ्यांना उचलून नेलं. मी तेव्हाच ठरवलं की मोठेपणी हेच चालवायचं.

आणि आता पूर-बचाव तळावर मुलांसाठी शिकवणी सुरू होणार होती. प्रत्येक तालुक्यातून एकच जागा. रविवारच्या आखाड्यात जो जिंकेल, ती त्याची. बुधवार उजाडला होता आणि मी चरात पडत होते. हातातल्या गेमपॅडमध्येच (दोन्ही हातांत धरायची बटणांची पाटी, तिच्यावर अंगठ्यानं हलवायच्या दोन इवल्याशा दांड्या) काहीतरी खोट आहे, अशी माझी खात्री झाली.

म्हणून मी साधनघरात गेले. पुस्तकांसाठी ग्रंथालय तसं अवजारांसाठी आमच्या गावात साधनघर आहे. ते एक यंत्रमानव सांभाळतो. त्याला सगळे दाजी म्हणतात. कुणाच्या बहिणीचा नवरा म्हणून दाजी, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. आखाड्यासाठीचा नियम त्यानं मला तीनदा ऐकवला. फक्त दोन वस्तू मिळतील आणि एकदा नेल्या की रविवारपर्यंत बदलून मिळणार नाहीत. मी फळीवरचा सगळ्यात नवा, चोवीस बटणांचा गेमपॅड उचलला आणि दुसरी वस्तू नकोच म्हणाले.

तेवढ्यात माझी छायाआजी आली. ड्रिल परत करायला आली होती. आजीनं तरुणपणी अठरा वर्षं पोकलेन चालवलं, माती उपसायचं ते पिवळं यंत्र. त्या काळात बाई पोकलेनवर म्हटलं की लोक बांधावर उभे राहून बघायचे, असं ती सांगते. मी चरात कशी पडते ते तिनं नीट ऐकून घेतलं. मला धीर देईल असं वाटलं होतं. ती खो खो हसली.

"म्हणजे तू पण कमान पाडलीस की गं," ती म्हणाली.

मग तिनं ती गोष्ट सांगितली. आमच्या गावाच्या वेशीवर नवी कमान बांधली होती. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, पाहुणे येणार, कमानीला रंगसुद्धा ओला. आजी शेजारीच चर खणत होती. काम संपल्यावर तिनं समोर रस्ता बघितला, चालायची दांडी पुढे ढकलली आणि पोकलेन मागे गेलं. थेट कमानीत. सरपंचांनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

मी विचारलं, पुढे ढकलल्यावर मागे कसं जाईल? आजीनं माझा हात धरला. दाजीच्या फिरत्या खुर्चीवर मला बसवलं, पायाचे तळवे जमिनीवर दाराच्या दिशेनं रोवायला लावले आणि माझे खांदे धरून मला कमरेतून डावीकडे, खिडकीकडे वळवलं. आता तुला काय दिसतंय, तिनं विचारलं. खिडकी. आणि पाय कुठं बघतायत? दाराकडे. मग आता पायांना म्हण, चला पुढं.

मी पाय पुढे टाकले. खुर्ची घरंगळत दाराकडे गेली. माझं तोंड खिडकीकडेच होतं आणि खिडकीकडून बघितलं तर मी उजवीकडे चालले होते. उजवीकडे! मी तशीच वाकडी बसून राहिले. तीन वेळा पडले त्याचं कारण एवढंसं होतं. चालयंत्राला दोन दिशा असतात. पायांची वेगळी, धडाची वेगळी. डोळे धडाबरोबर फिरतात आणि चालणं पायांच्या दिशेनं होतं. शत्रूला बघायला मी धड डावीकडे वळवलं होतं आणि ते विसरून गेले होते. आजीच्या पोकलेनचंही तेच. तिची बसायची खोली अर्धा फेरा फिरली होती, खालचे चालायचे पट्टे मात्र उलटीकडे तोंड करून होते.

पण माणूस असं विसरतोच कसा? चालता चालता मान वळवून आपण मैत्रिणीशी बोलतो, तेव्हा कुठं नाल्यात पडतो? मी हे विचारल्यावर आजी म्हणाली, डोळे मीट आणि नाकाला बोट लाव. मी लावलं. पहिल्या फटक्यात.

"बघितलंस कुठं नाक आहे ते?" आजी म्हणाली. "न्हाई ना? तरी सापडलं. अंगाला आपलं अंग ठाऊक असतं. पण यंत्राचं अंग तुझ्या अंगाला कोण सांगणार? ते दांडीनं सांगायचं असतं."

इथं दाजीला राहवलं नाही. त्याला समजावून सांगायची भारी हौस आहे आणि त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली. त्यानं माझा गेमपॅड पडद्याला जोडला आणि अंगठ्याची दांडी डावीकडे दाबून धरली. चित्रातलं धड डावीकडे फिरू लागलं. त्यानं अंगठा सोडला. आतल्या स्प्रिंगमुळे दांडी मधोमध आली, धड मात्र होतं तिथंच, वाकडंच थांबलं. याला वेग-नियंत्रण म्हणतात, तो म्हणाला (दांडी फक्त किती जोरात वळायचं ते सांगते, कुठवर वळलोय ते सांगत नाही). दांडी सरळ, धड वाकडं. मग हाताला कळणार कसं?

नंतर त्यानं खालच्या फळीवरून एक जुनी उभी जॉयस्टिक काढली. मुठीत धरायची, मनगटानं पिळता येणारी. रंग उडालेला, बटणं फक्त चार. त्यानं ती थोडी पिळली, धड थोडं वळलं. जास्त पिळली, जास्त वळलं. सोडली तशी दांडी मधोमध आली आणि तिच्याबरोबर धडही फिरून पायांच्या रेषेत आलं. हे स्थान-नियंत्रण (दांडी जितकी वळवाल तितकंच यंत्र वळतं, सोडलीत की यंत्रही सरळ होतं). आता मनगट किती पिळलंय त्यावरून डोळे मिटूनही धड कुठं आहे ते कळत होतं. नाकाला बोट लावावं तसंच.

"ही घरी येणारी दांडी," आजी म्हणाली. "माझ्याकडं असती तर कमान वाचली असती."

पण लगेच तिनंच मान हलवली. पोकलेनची खोली गरागरा पूर्ण फेरा फिरते. माणसाचं मनगट काही पूर्ण फेरा फिरत नाही, म्हणून तिथं वेग-नियंत्रणच लागतं. चालयंत्राचं धड दोन्हीकडे पाव-पाव फेराच वळतं. तेवढं मनगटाला जमतं. मला हे फार आवडलं. दांडी चांगली की वाईट असं नसतंच. आपल्याला काय वळवायचंय ते आधी बघायचं आणि मग दांडी निवडायची.

पायांची दिशा बदलायला हीच जॉयस्टिक बाजूला कलवायची होती. राहिला पायांचा वेग. तिथंही घरी येणारी दांडी घ्यावी म्हणून मी हात पुढे केला, तर दाजीनं विचारलं की दहा मिनिटं चालायचं असेल तर दहा मिनिटं स्प्रिंगशी झोंबत बसणार का? वेगासाठी त्यानं बिनस्प्रिंगचा दांडा दिला. ठेवाल तिथं राहतो. अर्ध्यावर ठेवला की यंत्र अर्ध्या वेगानं चालत राहतं आणि आपला हात मोकळा. आजी म्हणाली, तिच्या इंजिनाचा वेगही अशाच खटक्यावर असायचा, लावला की लावला. मात्र एक ध्यानात ठेव, ती म्हणाली, जे आपणहून परत येत नाही, ते आपल्याला परत आणावं लागतं.

माझ्या दोन वस्तू झाल्या. घरी येणारी एक, ठेवली तिथं राहणारी एक. चोवीस बटणांचा गेमपॅड मी परत फळीवर ठेवला. खरं सांगते, ठेवताना जीव तुटला.

गुरुवारी मी आधीपेक्षा जास्त वेळा पडले. अंगठ्यांना जुनी सवय होती, मनगटाला नवी लागायची होती. वेगाचा दांडा मागे घ्यायला विसरायचे आणि यंत्र आपलं चालतच राहायचं. मी इतकी वैतागले की जॉयस्टिक आदळणार होते. आजी उठून आत गेली. स्वयंपाकघरातून एक लिंबू आणि सात मिरच्या घेऊन आली.

कमान पडल्यावर तिनं काय केलं होतं माहीत आहे? बाकीचे चालक लिंबू-मिरची पुढच्या, माती उपसायच्या बकेटला बांधायचे, दृष्ट लागू नये म्हणून. आजीनं ती खालच्या पट्ट्यांच्या पुढच्या टोकाला बांधली. सगळे तिला हसले, लिंबू चिखलात बांधलंय म्हणाले. पण चालायच्या आधी आजी खाली वाकून बघायची. लिंबू दिसलं तर पुढे म्हणजे खरंच पुढे. नाही दिसलं तर पट्टे उलटीकडे आहेत. दर शनिवारी नवं लिंबू. त्यानंतर एकही भिंत पडली नाही.

आखाड्यात आपलं यंत्र रंगवायची मुभा होती. मी माझ्या चालयंत्राच्या पायांच्या बोटांवर पिवळं लिंबू आणि हिरव्या मिरच्या रंगवल्या. शुक्रवारी दोनदा पडले. शनिवारी एकदाही नाही.

रविवारी शेवटची झुंज वाळव्याच्या शौनक मगदूमशी होती. उंच, शांत, आणि हातात तोच चोवीस बटणांचा गेमपॅड. माझी जॉयस्टिक बघून त्यानं विचारलं, ही संग्रहालयातून आणली का? मी दात ओठ खाल्ले, पण गप्प बसले. खेळ सुरू झाला आणि आठ टोले त्याचे, आठ माझे झाले. मग त्यानं धूर सोडला.

सगळं पांढरं झालं. खाली बघितलं तर पायसुद्धा दिसेनात, लिंबूही नाही. त्याच क्षणी खांद्यावर टोला बसला. नऊ. मी गर्रकन धड वळवलं, तो सापडेना. आता एक टोला बसला की संपलं. जागा गेली, तळ गेला, सगळं गेलं. माझी मूठ इतकी घट्ट झाली की बोटं दुखायला लागली. आणि दुखतायत म्हणूनच माझं लक्ष मनगटाकडे गेलं. ते पूर्ण उजवीकडे पिळलेलं होतं. म्हणजे पाय डावीकडे बघतायत. आणि वेगाचा दांडा अजून पुढेच आहे, मी चालतेय.

चिडल्यावर मला काहीही सोडता येत नाही. तरी मी मूठ उघडली.

दांडी घरी आली. धड फिरून पायांच्या रेषेत आलं, आणि विरळ होत चाललेल्या धुरातून अगदी समोर, दोन पावलांवर, चर दिसला. मी वेगाचा दांडा मागे ओढला. यंत्र कचकन थांबलं, मग एक पाऊल मागे सरलं. धुरात माझी सावली शौनकला दिसली असावी. धड माझ्याकडे वळवून, माझ्यावर डोळे रोखून तो पूर्ण वेगानं पुढे निघाला आणि माझ्या डोळ्यांदेखत तिरपा तिरपा जात चरात पडला.

लोक टाळ्या वाजवत होते. शौनक स्वतःच्या हाताकडे बघत बसला होता. "मी तर सरळ तिच्याकडेच गेलो," तो म्हणाला. मला आधी हसू येणार होतं, ते आलंच नाही. मी त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, डोळे मीट आणि नाकाला बोट लाव.

जूनमध्ये मी तळावर गेले. शिकवायला शमीमताई नदाफ होत्या. बोरखडीचं नाव ऐकताच त्या थबकल्या. शाळेच्या छपरावरचे ते अकरा जण तुमच्याच गावचे ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यातली एक मी.

त्यांनी मला नीट निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी दोनदा चुकले. तुमच्याकडंच बघत होते, पुढंच चालवत होते, आणि यंत्र बाजूला जात होतं. पाय पाण्याखाली, दिसत नव्हते. तुम्हाला वाटलं असेल मी सोडून चालले."

वाटलं होतं, मी म्हटलं. पण आता ते का झालं ते मला माहीत आहे. आणि मी त्यांना सगळं सांगितलं. खुर्ची, कमान, घरी येणारी दांडी, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्या मला छपरीखाली घेऊन गेल्या. तिथं नवं चालयंत्र अर्धवट जोडलेलं उभं होतं. आतल्या आसनापुढे दांड्यांची जागा अजून रिकामी होती. कुठली दांडी बसवायची ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं आणि त्याआधी प्रत्येक प्रकार चालवून बघायचा होता, डोळे बांधून. पहिल्यांदा तूच बस, शमीमताई म्हणाल्या.

मी शिडीकडे निघाले आणि अर्ध्यातून परतले. पिशवीतून आजीनं दिलेली लिंबू-मिरची काढली, त्या प्रचंड पायाच्या बोटाशी वाकले आणि दोऱ्याला दोन गाठी मारून ती बांधली. मग वर चढले.