हवेचा पिवळा दिवा

"चाकाच्या कामात माझ्या हातून चूक होत नाही," नेशा म्हणाली. "झाली तर हा टायर मीठ लावून खाईन."

हे ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती आणि सांगता सांगता चूक करत होती.

गिऱ्हाइकाचं नाव एलियुद. आतियो गावाच्या गोठ्यांमधून फिरून गाईंना सुया टोचायचा. अंगानं सडपातळ, आवाजानं हळू, आणि पापण्या अशा लांब की त्या गाईंच्या सहवासानं वाढल्यात की काय, अशी शंका यावी. त्याला भिंतीवर टांगलेली ती काळी, झगझगीत मॅग व्हील हवी होती. कंपनीची करडी चाकं टायरसकट दुकानाला देऊन टाकायची, तेवढी किंमत कमी.

काम साधंच. मेख एकच होती. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक सेन्सर असतो. तो चाकातली हवा मोजतो आणि गाडीला कळवतो. कळवलं नाही की डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो. म्हणजे जुन्या चाकांतले चारही सेन्सर काढायचे आणि नव्यांत घालायचे. नेशाला हे झोपेतही जमलं असतं. पण ती झोपेत नव्हती — ती एलियुदकडे बघत होती.

"दुखतं का हो त्यांना?"

"कुणाला?"

"गाईंना. सुई टोचल्यावर."

"मी आधी बोलतो ना त्यांच्याशी," एलियुद लाजून म्हणाला. "मानेवरून हात फिरवतो… कानाशी गुणगुणतो… मग त्यांना कळतच नाही कधी टोचलं ते."

नेशाला तो हात दिसला, ती मान दिसली… आणि तिनं नव्या चाकात साधा रबरी व्हॉल्व्ह खोचला. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. चौथ्याच्या वेळी तो गाईच्या कानाशी काय गुणगुणतो ते गुणगुणून दाखवत होता. तिथं तर प्रश्नच मिटला.

दुकान नेशाच्या मावशीचं. तिला सगळं गाव तिती नील्सा, म्हणजे नील्सा मावशी, म्हणतं. ती दारातल्या खुर्चीत बसून केळ्याचे काप खात होती आणि सगळं बघत होती. आमच्या बेटावर कुणालाही प्रेमानं हाक मारायची रीत आहे. टायरवाला असो, पोलीस असो, कर भरून घेणारी बाई असो — सगळे एकमेकांना 'राजा', 'राणी', 'माझ्या जिवा' म्हणतात आणि त्यात कुणाचाच जीव नसतो. नेशा तर दिवसभर साऱ्या गिऱ्हाइकांना "ये राजा", "थांब राजा", "राजा, ते टायर आता फेकून दे" असंच बोलायची.

एलियुद निघाला तेव्हा मात्र ती म्हणाली, "या हं… साहेब."

तितीच्या हातातला काप तोंडाशीच थांबला.

जुनी करडी चाकं नेशानं स्वतःच्याच गाडीला लावली. तिची गाडी त्याच मॉडेलची, फक्त रंग उडालेली. गेल्या वादळानंतर रस्त्यांना जे खड्डे पडले, त्यांनी तिची चाकं अंड्याच्या आकाराची करून ठेवली होती. एलियुदची चाकं तिनं जशीच्या तशी चढवली, उघडूनसुद्धा बघितली नाहीत. तिचा डॅशबोर्ड काही बोलला असता, पण तिचा पिवळा दिवा कधीपासूनचा पेटलेलाच होता आणि त्यावर तिनं जखमेची पट्टी चिकटवली होती. जगाचे दिवे विझवणाऱ्या बाईला स्वतःच्या दिव्यासाठी वेळ कुठून मिळणार!

दुसऱ्याच दिवशी एलियुद हजर.

"दिवा लागलाय," तो म्हणाला.

"अशक्य. थांबा, माझी गाडी आडवी आहे, काढते."

दुकानाचं अंगण अरुंद. कुणी आलं की नेशाला आपली गाडी काढून, गल्लीला वळसा घालून, परत भिंतीला खेटून लावावी लागायची. चाकं फिरली की सेन्सर जागे होतात. तेव्हा तिच्या चाकांतले सेन्सर जागे झाले, आपल्या जुन्या मालकाच्या गाडीला "हवा ठीक, हवा ठीक" सांगू लागले, आणि एलियुदचा दिवा गुपचूप विझला.

"कुठाय दिवा?" नेशानं खिडकीतून डोकं आत घातलं.

"आत्ता होता…"

"आत्ता?"

"कोपऱ्यापर्यंत होता. शपथ!"

दोन दिवसांनी तेच. शनिवारी पुन्हा तेच. तो यायचा, ती गाडी काढायची, दिवा विझायचा. तो गेला की गोठ्याच्या वाटेवर दिवा परत पेटायचा. नेशानं चारही चाकांची हवा मोजून बघितली, फ्यूज तपासला, बॅटरीची तार काढून जोडली. तिला काही कळेना. एलियुदला तर त्याहून कळेना. त्याच्या आईनं गाडीच्या आरशाला काळा मणी बांधला.

तितीला मात्र सगळं कळलं होतं, फक्त चुकीचं.

"पोरी, दिवा गाडीत नाही लागलेला. त्याच्या डोळ्यांत लागलाय."

"काहीतरीच, तिती."

"मग ती लिपस्टिक कुणासाठी? माझ्या गिऱ्हाइकांच्या टायरसाठी?"

नेशा लाल झाली. म्हणजे… हा निमित्त काढून येतो? माझ्यासाठी? त्या रात्री ती छताकडे बघून बराच वेळ हसत राहिली.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "चला साहेब, मी तुमच्या शेजारी बसते. बघू कसा पेटतो ते."

समुद्राकाठच्या रस्त्याला दोघं लागले. खिडकीतून खारा वारा येत होता. एलियुदचा हात गिअरवर, तिचा गुडघ्यावर, आणि मधे एवढंसं अंतर… नेशानं श्वास धरला…

"पेटला!" एलियुद आनंदानं ओरडला. "बघ, बघ! मी खोटं बोलत नव्हतो!"

पिवळा दिवा ठणठणीत जळत होता.

गिऱ्हाईक खोटारडं नाही हे पाहून कारागिराला आनंद व्हायला हवा. नेशाला रडू आलं. म्हणजे खरंच दिवा होता. म्हणजे हा खरंच दिव्यासाठी येत होता.

"परत चला," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा एकटे पुढे व्हा. मी माझ्या गाडीतून मागून येते. चाक लचकतं का बघते."

ती मागे लागली आणि दिवा विझला. एलियुदनं गाडी बाजूला घेतली, उतरून तिच्या खिडकीशी आला. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ आणि आश्चर्य दोन्ही मावत नव्हतं.

"तू मागे असलीस की शांत असतो. शेजारी बसलीस की पेटतो."

"म्हणजे मी तुमच्या शेजारी बसू नये?"

"नाही, तसं नाही… बसावंस… म्हणजे मला चालेल… पण दिवा—"

"मग दिव्यालाच विचारा मी कुठे बसू ते!" तिनं काच वर केली, आणि काच अर्ध्यात अडकल्यामुळे रागाचा निम्मा परिणाम वाया गेला.

आठवडाभर तो आला नाही. मग एका दुपारी पावसात आला. दारातच उभा राहून म्हणाला, "उद्या आरेसिबोला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेतो गाडी. तुला उगाच किती त्रास द्यायचा… आज शेवटचं बघतेस?"

नेशा भिजत गेली, आपली गाडी काढली, गल्लीला वळसा घालून परत लावली. परत येते तो एलियुद डॅशबोर्डवर वाकलेला.

"आता हवेचे आकडेच दाखवतोय. मागचं डावं… अकरा!"

तिनं त्याच्या त्या चाकाला हवेचं मीटर लावलं. तेहतीस. पुन्हा लावलं. तेहतीस.

"गाडी म्हणते नऊ," एलियुद आतून ओरडला. "आता आठ!"

"अहो, टायर दगडासारखा आहे!"

"सात!"

दारातून तितीचा आवाज आला, "नेशा! तुझ्या गाडीचं मागचं डावं चाक बसलं बघ. खिळा घुसलाय वाटतं."

नेशा वळली. आपल्या गाडीच्या बसत चाललेल्या करड्या चाकाकडे तिनं बघितलं. मग एलियुदच्या काळ्या चाकाच्या रबरी व्हॉल्व्हकडे बघितलं. मग ती ओल्या जमिनीवरच बसली.

तिती उठून जवळ आली. तिनंही दोन्ही गाड्यांकडे बघितलं. धंद्यात तिचे केस पिकले होते.

"मीठ आणू?" तिनं विचारलं.

"तिती, गप!"

एलियुदला अजून काही कळलेलं नव्हतं. "झालं काय?"

गप्प बसणं सोपं होतं. उद्या आरेसिबोची माणसं चाक उघडतील आणि त्याला सांगतील की त्या बाईनं सेन्सर घातलेच नाहीत. तो तिला लबाड समजेल आणि परत येणार नाही. सांगितलं तर आज दिवा विझेल आणि तो परत येणार नाही. नेशानं दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजूंनी अंगण रिकामंच दिसत होतं.

"तुमचे सेन्सर माझ्या चाकांत आहेत," ती खाली बघत म्हणाली. "इतके दिवस तुमची गाडी माझ्या चाकांची हवा मोजतेय. चूक माझी."

"पण तू तर म्हणाली होतीस, तुझ्या हातून—"

"माहितीय मी काय म्हणाले होते!"

"मग विसरलीस कशी?"

"तुम्ही गुणगुणत होता ना! मी तुमच्याकडे बघत होते! आता घ्या, हसा."

तो हसला नाही. त्यानं टोपी काढली, पिळली, परत घातली.

"आधी पंक्चर काढते," नेशा घाईनं म्हणाली, "मग सेन्सर बदलते. संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल. परत यायला नको."

दोन्ही गाड्यांची आठही चाकं उतरली. करड्यांतून सेन्सर काढले, काळ्यांत घातले. एलियुद शेजारच्या टायरवर बसून होता. पाऊस थांबला तरी उठला नाही. नेशा त्याच्या गाडीचं शेवटचं, पुढचं उजवं चाक बसवत होती, नट हातानं फिरवत होती, पान्यानं आवळायचे बाकी होते, तेव्हा तो एकदम म्हणाला,

"मला साहेब का म्हणतेस?"

"अं?"

"त्या दूधवाल्याला राजा म्हणतेस. पाद्रीबाबांना राजा म्हणतेस. मघाशी तो भंगारवाला आला, ज्याच्या तोंडात एकही दात नाही, त्यालाही राजा. मला एकट्याला साहेब. मी काय केलंय?"

"ते… ते सगळ्यांना उगाचच म्हणते मी."

"मग मलाही उगाचच म्हण."

"नाही जमत." तिच्या हातातला नट गरगर फिरत होता. "तुम्हाला म्हटलं तर ते… खरं होईल ना."

तितीनं खुर्ची मुद्दाम रस्त्याकडे वळवली, आणि मग मान परत इकडे.

"पहिल्यांदा मी दिव्यासाठी आलो होतो," एलियुद म्हणाला. "दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाचं नक्की नाही सांगता येत. पण आज… आज दिव्याकडे बघितलंच नाही गं. सरळ आलो."

"आणि आरेसिबो?"

"कोण जातंय आरेसिबोला! म्हटलं, तू 'जाऊ नका' म्हणशील. तू तर गाडी काढायला गेलीस."

"वेडा आहेस तू," नेशा म्हणाली. मग अगदी हळू, "…राजा."

त्यानं आधी तिच्या मानेवरून हात फिरवला. बाकीचं तिला कधी झालं ते कळलंच नाही.

"झालं का?" तितीनं थोड्या वेळानं विचारलं. "मला भूक लागलीय. जा, समुद्रावरून तळलेल्या अल्कापुर्रिया घेऊन या. गरम आणा."

नेशानं हात पुसले, जॅक उतरवला, पाना भिंतीला टांगला आणि एलियुदच्या शेजारी जाऊन बसली. गाडी अंगणातून बाहेर पडली, उताराला लागली. दिवा विझलेला होता. दोघं त्याच्याकडे बघून हसले.

कोपऱ्याच्या बेकरीपाशी पुढचं उजवं चाक गाडीपासून सुटलं आणि त्यांच्या आधी बेकरीत शिरलं. डॅशबोर्डवर चारही चाकांची हवा बरोबर दिसत होती.