तिसऱ्या माईकजवळची शांतता

तुमचा विश्वास बसो वा न बसो, हे माझ्या हातात घडलंय. रात्री नाही, भर दुपारी. खाडीच्या धक्क्यावर, डोक्यावर ऊन असताना.

मी होडी चालवतो. आमच्या संशोधन केंद्रात पाण्याखाली माईक सोडून मासे आणि डॉल्फिन यांचे आवाज ऐकतात. पाणी इतकं गढूळ की डोळ्यांना काही दिसत नाही. खाली कोण आहे ते कानालाच कळतं.

त्या माईकची साफसफाई हे माझ्या बायकोचं काम होतं. मागच्या वर्षी त्यासाठीच ती खाली उतरली.

दोर माझ्याच हातात होता. तो वर आला. ती आली नाही.

खूप शोधलं. सापडली नाही.

आता तेच काम आमची मुलगी करते. उतरू नको म्हणून मी किती विनवण्या केल्या. "मग तुम्ही उतरता का, बाबा? पोट शिडीत अडकेल," म्हणाली.

त्या दुपारी ती कमरेला दोर बांधून धक्क्याजवळच्या माईकपाशी उतरली. दुसरं टोक माझ्या हातात. कानाला हेडफोन. माईकवर चिकटलेले शिंपले ती सुरीने खरवडत होती.

खर्र... खर्र...

मागे कोळंबीचा तडतडाट. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. खाडीत तो कधीच थांबत नाही.

असे तीन माईक आहेत. बटण फिरवून मी सहज समुद्राकडचा लावला.

काहीच नाही...

बिघडला असेल, म्हणून मधला लावला. तिथे तडतडाट होता. ऐकता ऐकता तो मंदावला...

थांबला.

मोठा प्राणी आला की बाकीचे गप्प होतात, हे खरं. पण डॉल्फिन असेल तर त्याची शीळ तरी येते. इथे कुणाचाच आवाज नव्हता. नुसती शांतता पुढे सरकत होती.

धक्क्याकडे.

मी घाईने धक्क्याचा माईक लावला. तडतडाट नव्हता. खरवडणंही...

मी दोराला एक झटका दिला. म्हणजे, ठीक आहेस ना?

खालून लगेच एक झटका आला. ठीक आहे.

माझा जीव भांड्यात पडला.

"मासा लागला की काय, बाबा?"

आवाज मागून आला...

मुलगी शिडी चढून वर आली होती. अंगावरून पाणी निथळत होतं. "दोर खांबाला अडकत होता. कमरेचा सोडून आले. घ्या ओढून."

मी दोराकडे पाहिलं.

तो ताठ झाला. एक... दोन... तीन झटके.

तीन म्हणजे, मला वर घ्या.

"द्या इकडे, मीच ओढते," म्हणत मुलगी पाण्यावर वाकली. मी तिचा दंड घट्ट धरला. दुसऱ्या हातात दोर. जरा थांबून पुन्हा तीन झटके आले.

मी दोर सोडला.

तो सळसळत पाण्यात गेला. थोड्या वेळाने हेडफोनमध्ये तडतडाट सुरू झाला.

"नवा दोर होता हो! सोडलात कशाला?"

"निसटला गं हातातून."

कासव गुंतलं असेल, असं ती म्हणते. असेलही. मीही स्वतःला तेच सांगतो.

पण त्या झटक्यांत धडपड नव्हती, घाईही नव्हती. वर बसलेला माणूस आपल्याला ओढून घेणारच, अशी खात्री असल्यासारखे ते येत होते...