तारण न मागणारा साहेब

ज्याला परवा फोनवर चोर म्हटलं, तोच माणूस आपल्या दुकानाच्या पायरीवर भिजत उभा आहे, हे राजेश्वरीला तो बोलेपर्यंत कळलं नाही. कळणार तरी कसं? चेहऱ्यावर मास्क, डोक्यावर बॅग आणि मधे दिसत होते ते फक्त दोन गोंधळलेले डोळे. परतीच्या पावसानं निमगाव केतकीचा बाजाररस्ता रिकामा केला होता.

"आत या की," ती म्हणाली. "कापडाचं दुकान हाय, पुसायला काहीतरी मिळंलच."

"थँक्यू. राजेश्वरी मॅडम आपणच ना? मी इंद्रजित. बारामतीहून, बँकेतून..."

टॉवेल देणारा तिचा हात अर्ध्यात थांबला. हा आवाज ती विसरणं शक्य नव्हतं.

"तुमीच का ते? तारण नको, जामीनदार नको, पण पैसे घ्या म्हणणारे?"

"मीच. आणि 'आईबापानं हेच शिकवलं का' हे ऐकून घेणाराही मीच."

आता यात तिचं तरी काय चुकलं? शेजारच्या द्वारकाबाईंची साठवलेली पुंजी अशाच एका गोड आवाजानं उन्हाळ्यात लंपास केली होती. आणि बँक आपण होऊन फोन करते, पैसे घ्या म्हणते, हे आजवर निमगावात कुणी ऐकलं नव्हतं. कर्जासाठी माणसानं चपला झिजवायच्या असतात, ही इथली रीत. म्हणून तिनं त्याला आधी झाडला आणि मग त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

"थांबा, खात्री करते," म्हणत तिनं बँकेच्या शाखेचा नंबर लावला. फोन नुसता वाजत राहिला.

"कुणी उचलणार नाही," तो केस पुसत म्हणाला. "तो फोन माझ्याच टेबलावर आहे. बाकीचे निम्मे क्वारंटाइन आहेत आणि मी इथं."

राजेश्वरीला हसू फुटलं. मास्कचा असाही उपयोग असतो, हे तिला त्या दिवशी कळलं. डोळ्यांनी मात्र चहाडी केलीच, कारण तोही हसला. मग त्यानं ओळखपत्र दाखवलं, मॅनेजरना त्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा कुठं त्याला बसायला स्टूल मिळालं.

आवाज ऐकून आतून तात्या आले. ज्ञानदेवतात्या, राजेश्वरीचे वडील. पंचक्रोशीतले बस्ते याच दुकानात व्हायचे. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप भरून यायची, गादीवर ऐसपैस बसायची आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळी खरेदी एका बैठकीत उरकायची. यंदाच्या लग्नसराईसाठी तात्यांनी फेब्रुवारीत दुकान गच्च भरलं आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. आता लग्नं होत होती ती पन्नास माणसांत, घरच्या घरी, आहे त्या कपड्यांवर. उधारीवर माल दिलेल्या व्यापाऱ्यांच्या तगाद्याला कंटाळून तात्यांनी इंदापूरच्या हिंदुरावांना शब्द दिला होता. दसऱ्याला ते निम्म्या भावात माल उचलणार होते आणि दुकानही तेच चालवणार होते. राजेश्वरीला ते मुळीच पटलं नव्हतं.

"ज्याला तारण नको, त्याचा इरादा कसा वळखायचा?" तात्या म्हणाले.

"तारण नाही, कारण हमी सरकारनं घेतलीय, तात्या. तुमच्या चालू कर्जाच्या वीस टक्के रक्कम वर मिळेल. पहिलं वर्ष नुसतं व्याज, मग तीन वर्षांत फेड. पण एक सांगतो, ही माफी नाही. मागं हप्ते पुढं ढकलले, तेव्हा पुष्कळांना वाटलं, माफ झाले. व्याज चढल्यावर माझ्याशी भांडले. हे कर्जच आहे, फेडायचंच आहे. आणि मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे."

राजेश्वरीनं मान वर केली. फसवायला आलेला माणूस असलं काही सांगत नाही. तिला तो तिथंच, त्या कडू वाक्याला आवडला.

"आन् पैसे घेऊन माल खपलाच न्हाय तर?" तात्यांनी विचारलं.

"ते मला कसं सांगता येईल?" इंद्रजितनं तिच्याकडं पाहिलं. "मॅडमना विचारा. विकणाऱ्या त्या आहेत."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मनात घोळत होतं ते भडाभडा बाहेर आलं.

"तात्या, तुळशीचं लग्न झालं की परत तिथी हायत. लोकं बस्त्याला येत न्हाईत, तर बस्ता त्यांच्या दारात न्यायचा. टेंपोत माल भरायचा, अंगणात सतरंज्या टाकायच्या, लांब लांब बसवायचं. येवल्याच्या व्यापाऱ्याला थोडे दिले तर त्यो थांबंल."

"बस्ता गादीवर बसून करायचा असतो. आपण काय फेरीवालं हाय व्हय?"

"आणि दुकान हिंदुरावांना दिल्यावर आपण कोण असणार, तात्या?"

तात्यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. "कुठं सही करू सांगा. आन् राजे, साहेबांस्नी च्या टाक."

चहासाठी त्यानं मास्क खाली घेतला... आणि कपबशी देता देता राजेश्वरी कपबशी सोडायचीच विसरली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "बशी."

हिंदुरावांना नकार गेला. पैसे दिवाळीच्या आधी खात्यात आले. तुळशीचं लग्न लागताच टेंपो निघाला तो कळंबला, पोरीचं लग्न ठरलेल्या दत्तोबांच्या अंगणात. फेरीवाला व्हायला लाजणारे तात्या सतरंजीवर मांडी ठोकून बसले आणि एकेक शालू असा उलगडू लागले की पोरीच्या आजीनंही स्वतःसाठी एक बाजूला काढून ठेवला. त्या अंगणातून पुढच्या दोन बस्त्यांचा निरोप मिळाला. राजेश्वरीनं कित्येक महिन्यांनी छातीभर श्वास घेतला. दुकान आपलंच राहणार होतं.

फाटकाशी बघते तर इंद्रजितची मोटारसायकल उभी.

"तुमी हितं?"

"तपासणी. कर्जाचा वापर बरोबर होतोय का, बघावं लागतं."

"परवा दुकानात येऊन बघितलात की. आणि त्याच्या आधी पण."

"नियमात एकदाच असते," तो म्हणाला. "बाकीच्या... माझ्या."

तिनं पदर उगाचच सारखा केला. तो मात्र एकदम गंभीर झाला.

"एक सांगायचं होतं. तुमचं खातं दुसऱ्या अधिकाऱ्याकडं द्या, असं मी मॅनेजरना लिहून दिलं. आज झालंही ते."

"का? आमचं काय चुकलं?"

"काही नाही. घरच्या माणसाचं खातं आपल्या हातात ठेवता येत नाही."

"पण तुमी कुठं आमच्या घरचे..." वाक्य पुरं होण्याआधीच तिचे कान तापले.

"तेच विचारायला आलोय."

"आधी खातं सोडलं आणि विचारताय आत्ता? उलटंच की हे."

"आधी विचारलं असतं, तर तुम्ही कर्जाच्या भिडेनं हो म्हणाला असतात. आता नाही म्हणालात तरी दुकानाला धक्का लागत नाही. म्हणून थांबलो. थांबणं सोपं नव्हतं, राजेश्वरी."

पहिल्यांदाच त्यानं मॅडम म्हटलं नव्हतं. मागं अंगणात तात्या कुणाला तरी शालूची घडी कशी घालायची ते समजावत होते, हसण्याचा आवाज येत होता. राजेश्वरीनं स्वतःचा मास्क खाली ओढला, म्हणजे बघणाऱ्याला शंका राहू नये.

"व्हय," ती म्हणाली. "आणि भिडेनं न्हाय."